बाबांचा अल्सर कोणामुळे झाला

आमच्या घरात त्या काळात मोठ्यानं कोणी बोलत नसे. पितळी गंज खाली ठेवायचा तर आधी तळहात टेकवायचा, मग त्यावरून तो हळूच जमिनीवर सरकवायचा. दाराची कडी वाजू द्यायची नाही. रेडिओ लावायचा तर उशाशी घेऊन, कान त्याला चिकटवून. आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरपासून थोडं आत, पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव, आणि बाबा तिथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेत त्यांचा आवाज शेवटच्या वर्गापर्यंत जायचा. घरी मात्र ते खाटेवर उशी पोटाशी घट्ट धरून बसायचे आणि आम्ही त्यांच्या कपाळाकडे बघत वावरायचो. कपाळावर आठी चढली की आई चुलीवरचं दूध उतरवून वाटी घेऊन धावायची.

बाबांना अल्सर होता. आदिलाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो दोन गोष्टींनी होतो, तिखटानं आणि टेन्शननं. टेन्शन हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला आणि एखाद्या कडक पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. तिखट तर घराबाहेरच गेलं. वरणाला नुसती हळद, भाजीला मीठ, भाकरी दुधात कुस्करलेली. फोडणीच्या खकाण्यानंही बाबांना त्रास होईल म्हणून आम्ही सगळेच तसलं फिकं जेवायचो. शेजारच्या घरात पाट्यावर मिरच्या रगडल्याचा आवाज आला की आईचा हात घासावर थांबायचा. तिचं माहेर यवतमाळकडचं, लाल मिरचीच्या वावराशेजारचं. लग्नानंतर बरीच वर्षं तिनं बाबांना हौसेनं झणझणीत रस्से खाऊ घातले होते आणि बाबाही भुरके मारत मागून घ्यायचे. पुढे पोट दुखायला लागलं तेव्हा आत्यानं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीनं, हिशेब सोपा करून टाकला. आत्या विधवा होऊन आमच्याकडे राहायला आलेली, मायाळू बाई, पण जिभेला लगाम नाही. "माह्या भावाचं पोट तुह्या मिरचीनं जाळलं, शांते," ती आईला तोंडावर म्हणायची.  डॉक्टरच तसं म्हणत होते, तिथे आई काय बोलणार?

आज माझ्या स्वयंपाकघरात मी फोडणी दिली की नातवंडं शिंकतात आणि खिडकी उघडतात. मला मात्र ती खिडकी उघडू नये असं वाटतं.

मिरचीनंतर पाळी आली दादाची. मिलिंद माझा मोठा भाऊ, इंटरला, म्हणजे बारावीला होता. त्याच्या हातात ढोलकी असली की त्याला जगाचा विसर पडायचा. गावच्या भीमगीत पार्टीत तोच वाजवायचा. बाबांच्या आजारपणात ढोलकी आमच्या घरातून हलली आणि विहाराच्या खोलीत गेली, पाठोपाठ दादाचा सगळा वेळही तिकडेच गेला. ज्या दिवशी इंटरचा निकाल पेपरात आला त्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. दादाचा नंबर त्यात नव्हता. बाबांनी पेपर पुन्हा पुन्हा वरून खाली वाचला. मग इतक्या दिवसांचा दबलेला आवाज एकदम बाहेर आला. "मास्तराचं पोरगं! लोकाची पोरं पास करून राह्यलो मी, आन् माह्याच घरात हे!" दादा खाली मान घालून उभा होता. आईनं ताट वाढलं. बाबा जेवायला बसले, दोन घास खाल्ले, उठले, मोरीपर्यंत गेले आणि तिथेच बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर मोरीचा दगड लाल झालेला.

बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून मिळाली त्या जीपनं त्यांना आदिलाबादला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ते कोणाला वाईट वाटतील, आणि ते तसे नव्हते. रक्त थांबल्यावर त्यांनी आईला आणि आत्याला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही झालं होतं का?" आत्यानं निकालाचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "मग तेच. ह्यांना राग येईल असं काही होऊ देऊ नका. पुढच्या वेळी हाती लागणार नाहीत." दादा भिंतीला टेकून उभा होता, त्यानं ते ऐकलं. आत्या त्याच्याकडे वळून म्हणाली, "बापाले खाल्लं असतं रे तू आज." आईनं डोळे मिटून घेतले. 

त्याच आठवड्यात दादा भैंसाला निघून गेला, एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामावर. तेव्हा भैंसा आमच्याच जिल्ह्यात होतं. आता निर्मलमध्ये गेलं, पण माझ्या तोंडी अजून आमचंच येतं. सणाला निरोप पाठवला की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी आलो तं बाबाले तरास होईन." बाबांनीही त्याला बोलावलं नाही. मला तेव्हा वाटायचं की ते रागावले आहेत. खरं तर ते घाबरले होते, स्वतःच्या पोटाला.

पुढच्या उन्हाळ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण उटनूरला निघालं. बाबांना जाणं भाग होतं आणि बाहेरचं खाणं त्यांना वर्ज्य, म्हणून आत्यानं ठरवलं की स्वयंपाकाला सुजाताला, म्हणजे मला, पाठवायचं. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळीच होते. उटनूरमध्ये आम्हाला एका शाळेची रिकामी खोली मिळाली. मागे सागवानाची झाडं होती, त्यांची वाळलेली पानं वाऱ्यानं फरशीवर आली की कोणी पापड मोडत असल्यासारखं वाटायचं. मी स्टोवर पेज करायची, दूध तापवायची आणि बाबा दुपारी जेवायला येईपर्यंत दाराशी बसून राहायची. आजूबाजूला गोंडी आणि तेलुगू, मराठी बोलायला कोणी नाही. एके दिवशी बाबा ठरल्या वेळेच्या आधीच परत आले, एका मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून. ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "सुजे, पाणी." मी पाणी दिलं आणि ते सगळं रक्तासकट बाहेर आलं.

सरकारी दवाखाना जवळच होता. तिथे त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती, तेलुगू मुलुखातली, नुकतीच नेमणूक झालेली. सगळे तिला डॉक्टरम्मा म्हणत. तिची वेणी पाठीवर होती, माझ्यासारखीच, आणि तेवढ्यानंच माझा धीर सुटला. ही काय करणार, असं वाटलं. तिनं बाबांना सलाईन लावलं, नाकातून नळी घातली, थंड पाण्यानं पोट धुवायला घेतलं. नळीतून येणारं पाणी लाल होतं. रक्त चढवायची सोय तिथे नव्हती. जीप बाहेर उभी करून ठेवली होती, पण अशा अवस्थेत घाटरस्त्यानं आदिलाबादला हलवायचं की नाही, याचा तिला निर्णय घेता येत नव्हता. ती पुन्हा पुन्हा नाडी बघायची आणि जीपकडे बघायची. मी कॉटचा पाय धरून खाली बसले होते. एकच विचार मनात होता, की आज मी काय केलं? सकाळी माझ्या हातून दुधाचं पातेलं पडलं होतं. आवाज झाला होता.

ऊन उतरायला लागलं तसं नळीतलं पाणी गुलाबी झालं, मग नितळ. डॉक्टरम्मा स्टुलावर बसली आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तेव्हा मी तिला मोडक्या हिंदीत विचारलं, "बर्तन गिरा मेरे हाथ से. उसके आवाज से हुआ क्या?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "नहीं अम्मा. बर्तन से नहीं हुआ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उशीला टेकून बसू शकले. तिनं त्यांना सगळं विचारून घेतलं आणि मग तो शब्द काढला. अल्सर बहुतेक वेळा एका जंतूमुळे होतो, असं आता सापडलं आहे. पोटात राहणारा जंतू. तो गोळ्यांनी मारला की अल्सर भरतो आणि सहसा परत येत नाही.

बाबा आजारी असले तरी मास्तर होते. "मॅडम, पेट में तेजाब रहता. लोहा गल जाता उसमें. जंतू कैसा जिएगा? मैं बच्चों को पढ़ाता हूँ ये."

"मैं भी यही पढ़ी सार. इम्तिहान में यही लिखी, पास भी हो गई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दो डॉक्टर लोगाँ को वो जंतू दिखा. कोई माना नहीं. फिर एक ने खुद पी लिया जंतू का पानी, और बीमार पड़ के दिखाया."

 वर्गात त्यांचा एक शिरस्ता होता. एखादं पोर "सर, पुस्तकात लिहिलंय" म्हणालं की ते विचारायचे, "पुस्तकात कोणी लिहिलं? त्यानं काय पाहिलं?" आता तोच प्रश्न त्यांनी तिला विचारला. माझ्या पोटात तो जंतू आहे, हे कशावरून? ती म्हणाली, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात तिचे गुरुजी आहेत, ते दुर्बिणीनं पोटात बघून, आतला कण काढून तपासतील. जंतू नसेल तर मग खुशाल ऑपरेशन करा.

ऑपरेशन म्हणजे पोटाचा तुकडा कापून काढायचं. दुसऱ्यांदा रक्त पडल्यावर आदिलाबादच्या डॉक्टरांनी तेच ठरवलं. बाबांनी त्यांना जंतूचं सांगितलं तेव्हा मी तिथे होते. ते रागावले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले. "मास्तर, नव्या गोष्टी येतात आणि जातात. उशीर करू नका. तिसऱ्यांदा रक्त पडलं तर मला हात लावायलाही वेळ मिळणार नाही." आणि मग, जरा थांबून, "गोळ्यांनी हे बरं होत असेल तर मी ज्यांची पोटं कापली त्यांना काय सांगू?" बाबांनी त्यांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर आत्या बाबांचा हात धरून रडायलाच लागली. "बापू, एवढ्या मोठ्या डॉक्टरचं सोडून तू त्या कालच्या पोरीचं ऐकून राह्यला काऊन?" बाबा म्हणाले, "मी कोणाचंच ऐकत नाई, बाई. मी पाहून येतो."

आज लिहिताना वाटतं, ते वाक्य धाडसाचं होतं. त्या वेळी मात्र मला ते हट्टाचं वाटलं आणि मी आत्याच्या बाजूची होते. हैदराबादच्या गाडीत बाबा खिडकीशी, आई त्यांच्या समोर. बाबा खोकले तरी आई उठून बसायची आणि त्यांच्या ओठांकडे बघायची. मी सोबत होते ती आईसाठी, मोडकी हिंदी-तेलुगू बोलायला. दवाखान्यात बाबांना नळी गिळायला लावली. त्यांचे ओकारीचे आवाज पडद्याबाहेर येत होते आणि आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथे वळ उठले.

मग ते म्हातारे गुरुजी बाहेर आले. त्यांच्या हातात एक लहानशी पट्टी होती आणि तिच्यात पिवळ्या रंगाचा थेंबभर गोळा, थिजलेल्या तुपासारखा. बाबांच्या पोटातला कण त्यात रुतवलेला होता. बाबा शिक्षक आहेत हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी ती पट्टी टेबलावर बाबांच्या समोरच ठेवली. हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्याच्या आड तो पोटातल्या तेजाबात, म्हणजे आम्लात, जगतो. जंतू असेल तर अमोनियानं हा पिवळा रंग बदलून गुलाबी होईल. नसेल तर पिवळाच राहील. बाबांच्या चेहऱ्यावर मला त्या सगळ्या दुखण्यात पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. आम्ल आणि अल्कली, रंग बदलणारं द्रावण, हे तर ते दरसाल वर्गात परीक्षानळीत करून दाखवायचे. ते पुढे वाकले.

आम्ही तिघं त्या पिवळ्या थेंबाकडे बघत बसलो. गुरुजी दुसरे रोगी बघायला गेले. पंखा फिरत होता, बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. थेंब पिवळाच होता. बाबांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. तरी पिवळाच. आई म्हणाली, "काई होऊन नाई राह्यलं." बाबा म्हणाले, "थांब." मला ऑपरेशनची खोली दिसायला लागली, पांढरी चादर दिसायला लागली. मी नजर वळवली, कारण मला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, अगदी हलका, "शांता, पाह्य."

कणाच्या कडेला गुलाबी रेघ उमटली होती. ती बघता बघता पसरली. नखाएवढ्या त्या पिवळ्यात गुलाबी शिरत गेलं आणि शेवटी पिवळं उरलंच नाही. बाबा उठून उभे राहिले, अशक्तपणानं झोकांडी गेली तरी उभे राहिले. "जिवंत हाय त्यात! तेजाबात जिवंत हाय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं होतं, वर्गात प्रयोग यशस्वी झाल्यासारखं. आई हलली नाही. गुरुजी परत आले तेव्हा तिनं मला सांगितलं, ह्यायले विचार, मंग माही मिरची नव्हती का? मी विचारलं. त्यांनी मान हलवली. मिरची झोंबते, जखम करत नाही. आईनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं तिनं दुसरा प्रश्न विचारायला सांगितला.

"आन् पोरगं? पोरगं नापास झालं, त्यानं?"

गुरुजींना तेही मी सांगितलं. ते म्हणाले, मुलाच्या फार आधीपासून जंतू तिथे असणार. कदाचित ह्यांच्या लहानपणापासून.

बाबा खाली बसले.

गोळ्या सुरू झाल्या. तोंड कडू व्हायचं, मळमळायचं, पण बाबांनी एकही चुकवली नाही. दुखणं उतरत गेलं. आईनं गावी पोचल्यापासून एकच धोशा लावला, मिलिंदले आणा. बाबा म्हणायचे, "अजून पुरावा पुरा नाई. पुन्हा दुर्बिणीनं पाहू दे. आज जाऊन सांगतलं आन् उद्या पुन्हा रक्त पडलं तं त्याचं काय होईन?" पोळ्याच्या सुमाराला आईचा संयम संपला. चुलीजवळून ती अशी ओरडली की शेजारची बाई दाराशी येऊन उभी राहिली. "तुमचा पुरावा पुरा होयेपर्यंत माहं लेकरू तिथं कापसात मरून जाईन! दोष लावाले लागला होता का तुमाले पुरावा? माह्यावर लावला तवा पाह्यला होता कोणी दुर्बिणीतून?" आत्या जागच्या जागी थिजली. मी बाबांच्या कपाळाकडे बघितलं. आम्ही सगळेच बघत होतो, बाबांचा हात आता पोटावर जाईल म्हणून. तो गेला नाही. ते आईकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाई पाह्यला."

तरी ते हैदराबादला जाऊन आलेच. जखम भरली होती, थेंब पिवळाच राहिला होता. परतल्यावर त्यांनी भैंसाची बस धरली आणि मला सोबत घेतलं. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. जिनिंगच्या यंत्रांचा असा धडधडाट की जमीन पायाखाली थरथरत होती. आतून दादा आला तेव्हा आधी मी त्याला ओळखलंच नाही. भुवयांवर, पापण्यांवर, केसांत कापसाचे तंतू, म्हाताऱ्यासारखा पांढरा. बाबांना बघून तो दोन पावलं मागे सरकला. "तुमी काऊन आले? तब्येत..."

बाबांना आवाज चढवून बोलावं लागलं, कारण यंत्रांत काही ऐकूच येत नव्हतं. जंतू, तेजाब, गुलाबी रंग, सगळं त्यांनी वर्गात सांगावं तसं क्रमानं सांगितलं. मग म्हणाले, "तुह्यामुळं नव्हतं. कधीच नव्हतं."

मला वाटलं होतं दादा रडेल. तो उसळला. "मंग मी इथं काय करून राह्यलो, बाबा? रोज मनाले सांगत होतो, दूर राह्यलो तं बाप जगून राह्यला. तेवढ्यावर राह्यलो मी." त्यानं तोंड फिरवलं. बाबा उभेच. 

अलीकडे माझ्या गुडघ्यांसाठी मी गोळ्या घेते तर डॉक्टर बजावतात, जपून, ह्यांनी अल्सर होतो. ते असंही सांगतात की तो जंतू कितीतरी लोकांच्या पोटात असतो आणि सगळ्यांना काही होत नाही, का ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. काळजीचाही थोडा हात असू शकतो, असं कोणी कोणी पुन्हा म्हणायला लागलं आहे. हे ऐकलं की मला जिनिंगच्या फाटकातला दादा दिसतो, कारण त्यानं नेमकं तेच विचारलं होतं.

"आन् उद्या डॉक्टर म्हणाले, नाई, पोरामुळंच होते, तं?"

बाबांनी विचार केला. खरंच विचार केला, मला त्यांचा चेहरा आठवतो. "तं तेही येऊन सांगन तुले," ते म्हणाले. "पण आता घरी बसून नाई मानणार. आधी पाहीन. आन् काहीही निघालं तरी तू घरीच राह्यशीन."

आत कोणीतरी दादाच्या नावानं हाक मारत होतं. तो गेला नाही. त्यानं बाबांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "बस लई भरून येते या वेळेले. चाला, लवकर जागा धरू."